एकाच बाजूचा बॅकहँड

आजोबासान रॅकेटच्या एकाच बाजूने खेळायचे. चेंडू उजवीकडे येवो की डावीकडे, मनगट असं काही वळवायचे की जाळीची तीच बाजू पुढे! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. म्हटलं, पार्टनर मिळाला तोही असा!

हे नाव आम्हा टोकियोच्या निशी-कसाईतल्या मराठी मंडळींनी ठेवलेलं; 'सान' म्हणजे जपानीतलं 'राव'. आजोबा म्हणजे काय ते कळल्यावर स्वारी भलतीच खूश झाली होती. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण खेळ संपला की ब्रश ओढून कोर्टाची माती सारखी केल्याशिवाय पाऊल बाहेर नाही. मी सटकायला लागले की म्हणायचे, "गोडबोले-सान, उद्या येणाऱ्याला आपली पावलं कशाला दाखवायची?"

तो विचित्र फटका त्यांच्या आजोबांचा. शंभर वर्षांपूर्वी ते बँकेत कारकून होते. तेव्हा टेनिसचे खरे चेंडू परदेशातून यायचे, म्हणून शिकले मऊ रबरी चेंडूवर, आणि त्या खेळात एकच बाजू वापरायची रीत. पुढे बँकेने बोटीने परदेशी धाडलं. तिथे सुट्टीच्या दिवशी खेळता खेळता हा कारकून चक्क एका मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचला! लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. धंदेवाईक खेळाडू व्हा म्हणून बोलावणी आली, तर गेले नाहीत. "पोटासाठी बँक, जिवासाठी टेनिस," हे आजोबासान अशा ऐटीत सांगायचे, जणू नकार त्यांनीच दिला होता.

त्यांना घोर एकच. मुलाने कधी रॅकेट धरली नाही आणि यांचा खांदा दिवसेंदिवस कुरकुरत होता. "मी थांबलो की हा फटकाही संपला," म्हणायचे. शेवटी मलाच शिकवायला लागले. माझं मनगट सुजलं, नवरा वैतागला, पण म्हाताऱ्याला नाही म्हणवेना.

वॉर्डाच्या स्पर्धेत मिश्र दुहेरीत आम्ही शेवटच्या पॉइंटपर्यंत झुंजलो. चेंडू माझ्या डावीकडे आला. टेनिसच्या क्लासमध्ये शिकलेला साधा बॅकहँड मारला असता तर वाचलो असतो. मी त्यांचा मारला. चेंडू वीतभर बाहेर! मला तर रडूच फुटलं.

आजोबासान मात्र हसत होते. "अगदी असाच! माझे आजोबा ती फायनल याच फटक्यावर हरले. आता हा पुरता तुमचा झाला."

त्यानंतर ते खेळले नाहीत. या वसंतात गेले. फार आठवण येते.

परवा क्लासचा नवा कोच म्हणाला, "तुमची पकड चुकतेय, बदला."

म्हटलं, "आमच्या आजोबांची आहे. असू द्या."