एप्रनच्या आतली सुरी

नणंद-भावजय म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य, असं म्हणणाऱ्याला गादीवालीच्या दुकानात आणून बसवायला हवं होतं. जुने सोफे, खुर्च्या नव्यानं मढवून देणं हा तिचा धंदा; गल्लीत तिला सगळे गादीवालीच म्हणत. तिनं नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा सासरचं एकच माणूस तिच्या बाजूनं उभं राहिलं, धाकटी नणंद चिमणी. "दादा हात उगारतो हे मी लहानपणापासून बघतेय," ती सगळ्यांदेखत म्हणाली होती. "वहिनीनं एवढी वर्षं काढली हेच नवल." तेव्हापासून चिमणी रोज संध्याकाळी दुकानात यायची, फोमचा चुरा झाडायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायची.

नवरा मात्र पिच्छा सोडीना. दुकानासमोर येऊन उभा राहायचा. एकदा त्यानं काचेवर बोटानं टकटक केली आणि नुसतं हसून दाखवलं. तिनं तक्रार दिली, तर पोलीस म्हणाले, रस्त्यावर उभं राहणं हा काही गुन्हा नाही. त्याच दिवशी तिनं ठरवलं, आपलं आपणच बघायचं.

जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये एक बाई स्वसंरक्षण शिकवायच्या. तुरुंगात पहारा देण्यात त्यांची हयात गेलेली. आवाज असा की भिंतीचा रंग उडावा. गादीवालीनं आपल्याकडची हत्यारं त्यांच्यापुढे मांडली. बाईंनी फोम कापायची लांब सुरी उचलून वाकवून बघितली. "ही तर नाचतेय. हिच्या भरवशावर जीव ठेवणार?" चामडं कापायची रापी त्यांनी तशीच बाजूला सारली. "घाबरलेल्या हाताला हिचं तोंड कुठंय तेच कळायचं नाही." शेवटी गादीवाली आणि चिमणी बाजारात जाऊन आखूड, ताठ पात्याची एक सुरी घेऊन आल्या. बाईंनी तिची मूठ साबणाच्या पाण्यात बुडवली, गादीवालीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आवळ." साबण लागलेला असूनही मूठ घसरली नाही.

"हीच ठेव. आणि कान उघडे ठेवून ऐक. पळता येत असेल तर पळायचं, ओरडता येत असेल तर ओरडायचं. सुरी बाहेर काढलीस म्हणजे यातलं काहीच जमलं नाही, एवढाच त्याचा अर्थ."

सराव लाकडी सुरीनं चाले. पात्याला खडू चोळायचा, झटापट करायची आणि मग कपड्यांवरच्या पांढऱ्या रेघा बघायच्या. जिंकलेलीच्या अंगावरही रेघा असायच्याच. जोडीला चिमणी असायची; ती नवरा व्हायची. दादाची चाल तिला हुबेहूब जमायची, एक खांदा पाडून, चपला घासत. "ए, दार उघड," असं भसाड्या आवाजात म्हणायची, आणि मग दोघी हसून हसून जमिनीवर लोळायच्या. ज्याच्या सावलीलाही भ्यायचं त्या माणसावर हसता येतं, हे तिला चिमणीमुळे कळलं.

सुरी ठेवायची जागाही दोघींनीच शोधली. एप्रनच्या आत, उजव्या कुशीला, तिरका खिसा. चिमणीनंच तो शिवला. दोघींखेरीज ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती, बाईंनाही नाही.

तो भर दुपारी आला. गल्ली जेवून सुस्तावली होती. गादीवाली गुडघ्यांवर बसून खुर्चीच्या तळाला पट्टे ताणत होती. दार लोटून तो आत आला, पण एक शब्द बोलला नाही. शिवी नाही, धमकी नाही. नेहमी आधी केस धरायचा, तेही धरले नाहीत. सरळ वाकला, तिचं उजवं मनगट पकडलं आणि दुसरा हात एप्रनच्या आत घातला. कुठेही न चाचपडता.

सुरी त्याच्या हातात गेली त्याआधीच तिला सगळं कळलं. मग ती जिवाच्या आकांतानं ओरडली. झटापटीत पातं तिच्या उजव्या तळव्यावरून मनगटापर्यंत गेलं. शेजारचा काचवाला धावत आला, तसा तो सुरी टाकून पळाला.

हाताला टाके घालून झाल्यावर चिमणी हॉस्पिटलात आली. डोळे रडून सुजलेले.

"वहिनी, फार दुखतंय का?"

"त्याला खिसा कसा सापडला गं?"

चिमणी पलंगावरची चादर सारखी करत राहिली.

"मी तुला विचारतेय."

"तो घरी आला होता. म्हणाला, एकदा जाऊन तिच्याशी बोलतो. वहिनी, तू किती तयार झालीयस ते मी बघितलंय. मला वाटलं, तू त्याला मारून टाकशील. त्याचा जीव जाईल आणि तू तुरुंगात जाशील. म्हणून म्हटलं, जपून जा, तिच्या एप्रनच्या आत उजव्या कुशीला सुरी असते."

"मग मला सांगायचंस की. तो येणार आहे, एवढंच. मी दुकान बंद ठेवलं असतं."

"माझा भाऊ आहे गं तो."

"आणि मी कोण?"

चिमणी पुन्हा चादर सारखी करू लागली.

नवऱ्यानं पोलिसांना सांगितलं, सुरी तिचीच, तिनंच उगारली. पहिलं खरं होतं, दुसरं साफ खोटं. सुरी कुठे असते हे त्याला आधीच ठाऊक होतं, हे सांगू शकणारं एकच माणूस होतं. पण चिमणी चौकीत फिरकलीच नाही. आईला बरं नाही, असा निरोप आला. काचवाल्याच्या साक्षीवर कसंबसं निभावलं. नवरा काही महिने आत गेला.

जखम भरली, पण करंगळी आता पुरती वळत नाही. गादीवाली खिळे डाव्या हातानं ठोकायला शिकली. शिकवणाऱ्या बाईंनी बोलावलं म्हणून हॉलमध्येही परत गेली, पण जोडीदार घ्यायची वेळ आली तशी बाकावर जाऊन बसली.

"चूक तुझ्या हाताची नव्हती," बाई म्हणाल्या.

"हाताची नव्हतीच हो, बाई."

पुढे कधीतरी चिमणी दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. "वहिनी, येऊ का?"

"या ना," गादीवाली म्हणाली. "बसा. तुम्हाला पाणी देऊ?"

चिमणीचा चेहरा पडला. चार शिव्या हासडल्या असत्या, हाकलून दिलं असतं, तर तिला सोसलं असतं. ती नव्या सोफ्याच्या कडेला टेकली, कापडाचा रंग छान आहे म्हणाली, आणि पाणी न पिताच निघाली. गादीवालीनं पेला उचलून आत ठेवला. संध्याकाळी दोन खुर्च्या द्यायच्या होत्या आणि एकीचे पट्टे अजून ताणायचे बाकी होते.