आबांचे विषय

कासार आंबोलीच्या अतुलचं बीकॉम चार क्रेडिटसाठी अडून बसलं होतं. अडलं कसलं, त्यानंच अडवलं होतं. विद्यापीठाचे ऑनलाइन कोर्स निवडायची वेळ आली, की हा पठ्ठ्या वडिलांना विचारायचा, "आबा, आता काय घेऊ?"

कोंडीराम आबा चौथीत शाळा सोडलेले. त्यांनी कधी माती सांगितली, कधी मधमाश्या, कधी पाली भाषा. पिरंगुटच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून अतुल आला, की पडवीत आबांच्या खाटेवर मोबाइल ठेवायचा, आवाज पूर्ण मोठा करून, कारण आबांना कमी ऐकू यायचं. मातीच्या कोर्सला तर आबा मोबाइलमधल्या सरांवरच तापले. "ह्यो कंदी चिखलात उतरलाय का?"

पदवीत धरल्या जाणाऱ्या इतर विषयांचा कोटा केव्हाच भरला होता; उरलेली चार क्रेडिट वाणिज्याच्याच विषयाची हवी होती. आता लेखापरीक्षण घेतलं असतं, तर पदवी हातात होती. पण आबांना तारे ऐकायचे होते, आणि कामावरून येऊन दोन कोर्स झेपत नव्हते. अतुलनं तारे घेतले. आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांची एकच आस होती, घरातली पहिली डिगरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लागलेली बघायची.

दिवाळीनंतर आबांचं जुनं दुखणं बळावलं. डॉक्टर म्हणाले, आता थोडेच दिवस. त्याच संध्याकाळी आबांनी विचारलं, "डिगरीचं काय रं?"

"झाली, आबा. विद्यापीठानं मागचेच कोर्स धरले. कागद तेवढा यायचाय."

आबांनी त्याचं तोंड कुरवाळलं. मग म्हणाले, "म्हंजी आता ऐकायचं संपलं."

"संपलं कशानं? तारे अर्धेच झालेत. लावू का?"

"नगं. रोज सांजचं माज्यापायी लई अडकलास. आता तू मोकळा."

खरं ते ओठांवर आलं होतं. पण आबांच्या तोंडावरचं समाधान मोडायला अतुलची जीभ रेटेना. पुढचे पाच दिवस आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास, कोर्स लावायच्या वेळेला, त्यांचा हात खाटेवर मोबाइलच्या जागी चाचपडायचा. अतुल ते बघायचा आणि आतल्या आत तुटायचा. सहाव्या दिवशी आबा गेले.

आबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर, पुढच्या सत्रात, अतुलनं लेखापरीक्षण घेतलं. पहिला तास त्यानं पडवीतच लावला. सवयीनं आवाज पूर्ण मोठा झाला होता, आणि तो कमी करणं काही त्याच्यानं झालं नाही.