आत्यांनी त्या बाईचं ऐकलं नाही

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला काहीही पटतं. नाहीतर मी, चांगली शिकलीसवरलेली बाई, कॅबमधल्या त्या मित्राच्या नादी लागले नसते.

तो आमच्याच कंपनीत टेस्टिंगला होता. निगडीहून कॅबमध्ये बसून यायचा, मी रावेतला चढायचे. दोघंही एकच गेम खेळत होतो, त्यामुळे रस्ताभर दुसरा विषय नसायचा. गेम असा : एक भलंमोठं अवकाशयान, त्यात तुम्ही एकटे इंजिनिअर आणि सोबतीला यानाचा आवाज. बाईचा, इंग्रजी, साखरेत घोळलेला. ती काहीतरी काम सुचवते, पडद्यावर तीन-चार उत्तरं येतात, त्यात एक ‘नाही’ असतं. मित्राचं म्हणणं होतं की ही बाई मदतबिदत काही करत नाही, हळूहळू इंजिनिअरच्या मनाचा ताबा घेते. पुरावा काय, तर तिचं ऐकत गेलं की ते ‘नाही’ आधी फिकट होतं, मग पुसट होतं आणि एक दिवस दिसेनासंच होतं. गेम बनवणारे यावर मिठाची गुळणी धरून बसले होते, त्यामुळे जगभरचे चाहते नेटवर तावातावाने भांडत होते.

घरी जाऊन बघितलं तर माझं ‘नाही’ खरंच जेमतेम दिसत होतं. त्यात नवल नव्हतं. ऑफिसात कौतुक म्हणाल तर अप्रेझलच्या दिवशी, तेही पुढे ‘पण’ लावून. इथे नुसतं दार उघडलं तरी ती बाई म्हणायची, छान केलंत. मी तिच्यासाठी अख्ख्या यानाची दारं उघडत हिंडत होते.

घरात तेव्हा आत्या राहायला आलेल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. नवऱ्याच्या गावाला, चाकणच्या पलीकडे, सासूला आत्याच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि जिना चढता येईपर्यंत त्या आमच्याकडे राहणार होत्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. गावाकडच्या घरात त्या एकट्या, आणि राहिलेलं शेत पुतण्या बघत होता.

गुडघा बरा झाला तशा त्या जायचं म्हणू लागल्या. “हितं काय करू म्या? भांडी बाई घासती, कपडे मशीन धुती. मला करमत न्हाई.”

मला मात्र त्या हव्या होत्या. नवरा चाकणला कंपनीत, त्याच्या शिफ्टा दर आठवड्याला बदलणाऱ्या. लग्नानंतर मी वर्षानुवर्षं स्वतःच कुलूप उघडून घरात शिरत होते. आता बेल वाजवली की आतून “आले गं” यायचं, आणि त्या दोन शब्दांसाठी मी लिफ्टमध्येच हसायला लागायचे. त्या गेल्या तर पुन्हा ते कुलूप आलं. हे त्यांना सरळ सांगायला जीभ रेटत नव्हती, म्हणून नवरा आणि मी वेगवेगळ्या वाटांनी प्रयत्न करत होतो. कधी डॉक्टरांच्या नावावर खपवायचं, कधी गावात लाइट नसते म्हणायचं. त्यांची पिशवी आम्ही साफसफाईच्या निमित्ताने माळ्यावर टाकली. गॅलरीत कुंड्याही आणल्या. आत्यांनी एका कुंडीत बोट खुपसलं आणि म्हणाल्या, “ही भातुकली झाली.” पुन्हा त्या कुंड्यांकडे त्यांनी पाहिलं नाही.

संध्याकाळी मी खेळायला बसले की त्या शेजारी खुर्ची घेऊन लसूण सोलायच्या. अधूनमधून विचारायच्या. ही बाई कोन? दिसत का न्हाई? त्या काचेच्या खोलीत वाळकं काय हाय? ती यानातली रोपवाटिका होती. रोज पाणी घातलं नाही तर तिथलं सगळं वाळतं, आणि मी ते कधीच वाळवून टाकलं होतं.

“मानूस हाय, पानी हाय, आन् रोपं वाळली,” आत्या म्हणाल्या. मी म्हटलं, आत्या, तिकडे जायला वेळच मिळत नाही, ही बाई सारखी कामं सांगते. त्यांनी लसणाची ताटली उचलली आणि आत गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या गेममध्ये विपरीत घडायला लागलं. मी सुरू केला की इंजिनिअर इंजिनाजवळ नसायचा, भलत्याच ठिकाणी उभा असायचा. रोपवाटिकेत वाफे दिसायला लागले, सरळ रेषेत, मधे चालायला वाट ठेवलेली. आणि माझं ‘नाही’ पुन्हा गडद व्हायला लागलं.

मी कॅबमध्ये हे सांगितलं तेव्हा मित्राच्या हातातला डबा पडता पडता राहिला. असं जगात कुणाचंच झालं नव्हतं म्हणे. गेलेलं ‘नाही’ परत येत नाही, त्याच्या थिअरीचा सगळा डोलारा त्यावरच तर उभा होता. त्याने माझ्याकडून फोटो मागवून नेटवर टाकले. कुणी म्हणालं, इंजिनिअरचा मेंदू झगडतोय. कुणी म्हणालं, हा गेमचा लपवलेला शेवट आहे. एकाने तर वाफ्यांच्या रेषांमधून कसलासा संदेश वाचून दाखवला.

“तू नेमकं केलंस काय?” मित्राने विचारलं.

“काहीच नाही.”

तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “एक सांगू? ताबा इंजिनिअरचा नाही, तुझा घेतलाय. तू खेळतेस आणि विसरतेस.”

हसण्यावारी नेलं खरं, पण मनात पाल चुकचुकली. मी चष्मा फ्रीजमध्ये विसरणारी बाई. विसरले असेन तर? त्या संध्याकाळी मी गेम लावलाच नाही, आत्यांबरोबर वाटाणे सोलत बसले.

मग एकदा ऑफिसातली वीज गेली आणि आम्हाला दुपारीच घरी सोडलं. बेल वाजवली तरी “आले गं” आलं नाही. वाटलं, गेल्या वाटतं. किल्लीने दार उघडलं.

आत्या टीव्हीसमोर खुर्चीत बसल्या होत्या. ऑपरेशनचा पाय स्टुलावर, पदर खोचलेला, नाकावर चष्मा, आणि हातात गेमचा रिमोट. ती बाई इंग्रजीत अगदी आर्जवाने सांगत होती की इंजिनात बिघाड आहे, आपण ताबडतोब निघावं. आत्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, “थांब गं बाई, पानी चाललंय.”

मी दारातच चप्पल हातात घेऊन उभी. वाफ्यात पाणी सोडलेलं असताना शेत टाकून कुणी जात नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. त्या अवकाशयानात, इंजिन बिघडलेलं असताना, आत्या पाणी देत होत्या.

मला बघून त्या चपापल्या. “हात लावला म्हनून रागावली व्हय? वाळलेलं बघवंना मला.”

मी त्यांच्या पायाशी बसून हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग विचारलं, आत्या, ती बाई एवढं सांगते, तुम्ही तिचं ऐकत नाही?

“काय बोलती ते कुनाला कळतंय. पन रोख कळतो की. माझी सासू अशीच व्हती. गोड गोड बोलायची आन् बोलता बोलता घागर हातात द्यायची. कवा विहिरीवर पोचले ते कळायचं न्हाई.” मग वाफ्याकडे बघत म्हणाल्या, “तुमी दोघं बी तिच्यावरच गेलाय.”

“आम्ही काय केलं?”

“डॉक्टर म्हनलं, लाइट न्हाई, पिशवी माळ्यावर. मला काय दिसत न्हाई?”

थिअरी मी कॅबमध्ये ऐकत होते आणि घरी येऊन आत्यांवर वापरत होते. मग उठले, स्टूल लावून माळ्यावरची पिशवी काढली, धूळ झटकली आणि त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, “आत्या, तुम्ही इथे राहावं असं मला फार वाटतं. दार उघडायला तुम्ही असलात की मला घरी आल्यासारखं वाटतं. डॉक्टर काही म्हणालेले नाहीत. जायचं असेल तर पुतण्याला आत्ता फोन लावते.”

त्यांनी पिशवीकडे बघितलं. “लाव,” म्हणाल्या.

मी लावला. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला.

कॅबमध्ये सगळं सांगितलं तर मित्र आधी हिरमुसला, मग उजळला. थिअरी तर सिद्धच झाली होती. बाईचं ऐकलं नाही तर ‘नाही’ परत येतं. त्याने नेटवर तसं लिहिलं. कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी विचारलं, युक्ती कोणती? त्याने इंग्रजीत उत्तर दिलं : घरी सासूबाई हव्यात. रविवारचा विचार डोक्यात होता, तरी त्या ओळीला मी खूप हसले.

रविवारी पुतण्या आला. नवरा त्याच्याशी पावसापाण्याचं बोलत होता आणि चहाचा कप उगीचच फिरवत होता. आत्या नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीशी घेऊन बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरात डबा भरत होते आणि डब्याचं झाकण काही केल्या लागत नव्हतं.

“जरा लाव गं ते,” बाहेरून आवाज आला. “जाता जाता बघून जाते.”

मी गेम लावला. काचेची खोली गर्द भरली होती. निळसर पातींचं कुठलंसं परग्रहावरचं रोप, आत्या त्याला कांदाच म्हणायच्या. त्यांनी रिमोट हातात घेतला आणि एकेका वाफ्याजवळ थांबत फिरल्या. ती बाई इंजिनाचं काहीतरी सांगत होती. पुतण्याने घड्याळ बघितलं. “चुलती, निघायचं का? पुढं गर्दी लागंल.”

आत्यांचं लक्ष नव्हतं. त्या एका पातीजवळ थांबल्या होत्या.

“तू हो म्होरं,” त्या म्हणाल्या. “मला न्हाई जमायचं. पीक उभं हाय.”

“कुठलं पीक?” पुतण्याने माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग टीव्हीकडे.

“काढनी झाल्याबिगर कसं येऊ? तूच सांग.”

शेतकऱ्याचंच पोर, त्याने मान डोलावली. तो चहा संपवून, माझा डबा घेऊन एकटाच गेला.

मला विचारल्याशिवाय राहवेना. “आत्या, काढणी झाल्यावर?”

“मग दुसरं लावीन की,” त्या म्हणाल्या, आणि पायाने पिशवी माझ्याकडे सरकवली. “ही टाक वर. पायात येती.”