हळदीत न चालणारा कॅमेरा

आज दुपारी मुलीबरोबर पनवेलच्या एका दुकानात सिनेमाचा कॅमेरा बघायला गेले होते. स्वस्तातला आहे, पण चित्र थेट पडद्यावरच्यासारखं येतं म्हणे.

माझे यजमान लग्नांचं शूटिंग करायचे. आपल्याकडच्या हळदी तुम्हाला माहीतच आहेत, कॅमेरावालाही पिवळा झाल्याशिवाय सुटत नाही. म्हणून ते निघण्याआधी मी त्यांचा कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून द्यायचे. ते वारल्यावर मुलगी म्हणाली, आता मी शूटिंग करते. मला वाटलं, चला, त्यांचं काम चालू राहील.

दुकानदाराला मी तेच विचारलं, "हा प्लास्टिकमध्ये गुंडाळता येतो ना?"

तो हसला. "काकू, ह्याच्या आत पंखा आहे. गुंडाळलात तर गुदमरेल बिचारा. तापून बंद पडेल."

"मग आम्हाला काय उपयोग?"

तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "आई, मला हळदी करायच्याच नाहीत. मला सिनेमा करायचाय. बाबांचं काम बाबांबरोबर गेलं गं."

परत येताना रिक्षात तिचं बोलणं मनात घोळत होतं. ती चुकीचं बोलली नाही. पण त्यांचं काम घरात चालू राहील, एवढ्याच आशेवर मी इतके दिवस उभी होते.

कॅमेरा चांगला आहे, हे मलाही दिसलं. तुमच्यापैकी कोणी असा कॅमेरा वापरत असेल तर सांगा, तिला घेऊन द्यावा का? माझं मन "हो" म्हणायला धजत नाहीये.