खुरपणी येणाऱ्या बाई

"जमतं, की येतं?"

असं विचारताना बाई चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि समोरच्याकडे रोखून बघायच्या. कॅन्टीनवाल्यालाही त्यांनी सोडलं नाही. "चहा तुला जमतो, की येतो?" तो म्हणाला, "मॅडम, पिऊन बघा, मग तुमीच सांगा." बाईंनी घोट घेतला. "जमतो," म्हणाल्या, आणि कप मात्र तळापर्यंत संपवला.

दुसऱ्याला असं तपासणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतःला तपासणारी फार थोडी.

मी बारामतीच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. बाई आमच्याच संस्थेच्या इंदापूर शाखेत, माझ्या हाताखाली. ग्रंथालयातल्या माणसांसाठी केलेला कौशल्यांचा एक आराखडा मी एका कार्यशाळेतून आणला. आपण कुठं आहोत आणि पुढं काय शिकायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं म्हणून. तो इंग्रजीत होता, मी मराठीत केला. प्रत्येक कौशल्याला चार पायऱ्या: माहीत आहे, जमतं, येतं, शिकवता येतं. निकामी पुस्तकं निवडून बाद करण्याला इंग्रजीत तण काढणं म्हणतात. मी ऐटीत 'खुरपणी' लिहिलं. उसाच्या मुलखात तो शब्द कुणाला समजावावा लागणार?

बाकीच्यांनी सगळीकडे 'येतं' लिहून आराखडा तासाभरात परत केला. बाईंनी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. 'संगणक' याच्यापुढे त्यांनी 'माहीत आहे' एवढंच लिहिलं आणि रविवारी बारावीच्या पोरांशेजारी बसून तो शिकल्या. 'लोकांसमोर बोलणं' याच्यापुढे त्यांनी पाचवी पायरी स्वतःच घातली: 'भीती वाटते'. ती जावी म्हणून बचत गटांच्या बैठकांना जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी आवाजच फुटेना. एक म्हातारी ओरडली, "पोरी, मोठ्यांदा बोल, न्हायतर खाली बस. च्या आलाय!" हे सांगताना बाई हसून हसून डोळे पुसायच्या. पुढे त्याच बायका पुस्तकं न्यायला येऊ लागल्या.

बाईंना माझी जागा हवी होती. तसं त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. "सर, तुमी रिटायर झाल्यावर मला बारामतीला यायचंय. काय कमी पडतंय ते आत्ताच सांगा." लोक याला हाव म्हणायचे. बाईमाणसानं वर बघितलं की आपल्याकडे हाच शब्द निघतो.

इंदापूरच्या शाखेत वाळवी लागलेली गाइडं, बुरशी आलेली जुनी मासिकं कपाटं अडवून होती. माझ्या परवानगीनं, माझ्यासमोर बाईंनी ती बाद केली. इतर शाखांच्या माणसांना बोलावून निवड कशी करायची तेही शिकवलं. म्हणून माझी जागा निघाली तेव्हा अर्जात त्यांनी लिहिलं: 'खुरपणी – शिकवता येतं'.

मुलाखतीला संस्थेचे अध्यक्ष, आमचे तात्या, मधोमध बसलेले. मावळता ग्रंथपाल म्हणून मी कडेला. तात्यांनी अर्ज वाचला आणि मांडीवर थाप मारली.

"खुरपणी? मग आमच्या उसात या की बाई! रोजानं लावतो."

सगळे हसले. मीही हसलो.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. तो शब्द माझा आहे, एवढं मी म्हणायचं होतं. त्या थांबल्या, मग स्वतःच म्हणाल्या, "तात्या, तण काढलं न्हाय तर ऊस पोसत न्हाय. पुस्तकांचं तसंच हाय."

"पुस्तकं फेकणारी ग्रंथपाल काय करायचीय आमाला?"

तेव्हाही मी गप्प होतो. तात्यांचा जावई नेमला गेला. ग्रंथालयाचं दार आत उघडतं की बाहेर, एवढं त्याला माहीत होतं. बाईंनी पुस्तकं रद्दीत विकून पैसे खाल्ले, असं महिन्याभरात गावभर झालं. बाईंनी भिगवणला गाडी पकडली आणि नोकरीसाठी चेन्नईला गेल्या.

आज त्या तिथल्या एका मोठ्या ग्रंथालयाच्या प्रमुख आहेत. आणि मागच्या महिन्यात बारामतीच्या एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला: 'संस्थेने घडवलेले रत्न'. तात्यांचा फोटो बाईंच्या फोटोच्या तिप्पट. बाईंनी यायला नकार कळवला, तरी सत्कार झालाच. "गुरूचा सत्कार तोच शिष्येचा सत्कार," असं म्हणत तात्यांनी शाल माझ्या खांद्यावर घातली. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. तात्यांची किळस यायला मला वयाची गरज नव्हती. माझी स्वतःची यायला मात्र एवढं म्हातारं व्हावं लागलं.

म्हणून लिहून ठेवतो. बाईंनी एक पानही विकलं नाही. पुस्तकं बाद करायची परवानगी मी दिली होती. खुरपणी हा शब्द माझा.

सत्काराहून घरी येऊन मी बाईंना फोन लावला आणि हेच सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय, सर."

"शाल तुमची आहे. पाठवतो."

"नको, तुमीच पांघरा," बाई म्हणाल्या. "हितं थंडीच पडत न्हाय."