गुडघ्यांचं निमित्त

चंद्रिका बत्तीस वर्षं पोस्टात होती, आणि आजारपणाच्या रजेचे खोटे अर्ज ती लांबून ओळखायची. सकाळी कंबर धरून आलेला माणूस पाच वाजले की कसा टुणटुणीत होतो, हे तिने इतकं पाहिलं होतं की साहेबसुद्धा आधी तिच्या तोंडाकडे बघून मग सही करायचे. अशा बाईने साठी उलटल्यावर आयुष्यातली पहिली मोठी थाप मारली, आणि तीही थोरल्या बहिणीला. थाप त्या अर्जांमधलीच होती. गुडघे धरलेत, पायरी चढवत नाही.

थोरली बहीण नीलम्मा, म्हणजे अक्का, मैंदर्गीला मुलाकडे राहते. आई गेली तेव्हा चंद्रिका चार वर्षांची होती आणि अक्का सोळाची. वेण्या घालण्यापासून ते सासरच्यांशी भांडून धाकटीला सोलापुरात शिकायला ठेवण्यापर्यंत सगळं अक्कानेच केलं. त्या अक्काला काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येत नसते, उरलेली थेंब घालून सांभाळा, असं डॉक्टरांनी चंद्रिकाला बाजूला घेऊन सांगितलं. अक्काचं एकच मागणं होतं. दिसतंय तोवर श्रीशैलला जाऊन मल्लय्याच्या देवळाचं शिखर बघायचं. शिखर डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा जन्म नाही, यावर तिचा पक्का भरवसा.

गावातून दर उगादीला, म्हणजे पाडव्याला, जीप जाते. पण रांगेत, अंघोळीला हात धरणारं माणूस हवं, आणि सुनेचा नाही, अक्काला हात हवा तो चंद्रिकाचा. तीन वर्षं 'पुढच्या उगादीला नक्की' म्हणून झालं होतं. यंदा जीपमध्ये दोन जागा सांगून ठेवल्या होत्या.

तेवढ्यात देवयानीचा फोन आला. देवयानी ही शाळेतली मैत्रीण, निवृत्त शिक्षिका, आणि कुणाला घरात बसू न देणारी. चौदा जणांचा ग्रुप नॉर्वेला नॉर्दर्न लाइट्स बघायला निघाला होता. एक बाई गळाली होती. तारखा नेमक्या उगादीच्याच. चंद्रिकाने आयुष्यभर लोकांची पाकिटं परदेशी धाडली, तिकडची नावं तिला पाठ होती, पण स्वतः कधी विजापूरच्या पलीकडे गेली नव्हती. खरं सांगून टाकलं असतं तर अक्काने स्वतःच 'जा' म्हटलं असतं, आणि मग जायला तोंड राहिलं नसतं. म्हणून गुडघे.

"असू दे की," अक्का फोनवर म्हणाली. "तू न्हाईस तर मीबी जात न्हाय. आदी तुजे पाय बघ."

नॉर्वेत ट्रोम्सोला पहिल्या तीन रात्री ढगच होते. चौदा सोलापूरकर बर्फात बस थांबवून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होते, आणि देवयानी आकाशाला दम भरत होती. चौथ्या रात्री ढग फाटले. आधी नुसता धूर वाटला. मग तो हिरवा झाला, लांबला, हलायला लागला, आणि एका कडेला गुलाबी उतरला. कुणी हात जोडले, कुणी रडलं. चंद्रिकाही रडली. देवयानीला वाटलं, आनंदाने. चंद्रिकाच्या मनात मात्र अक्काचे डोळे होते. तिला लाज वाटत होती, आणि तरीही मान खाली घ्यावीशी वाटत नव्हती. मान दुखेपर्यंत ती बघत राहिली. पुढे तिला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ती मैंदर्गीला गेली. एसटीतून उतरली आणि तरातरा घरात शिरली. लंगडायचं साफ विसरली. एवढे अर्ज तपासलेली बाई, स्वतःच्या वेळी असं ढळढळीत चुकली.

उंबऱ्याशी बसलेल्या अक्काने पाऊल ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला. "आलीस व्हय चंद्री? सरळ पडतंय की पाऊल. दिला बघ देवानं गुण."

कसला गुण, ते सून महेश्वरीने सांगितलं. चंद्रिकाच्या गुडघ्यांसाठी अक्काने अकरा दिवस नवस केला होता. पहाटे ओलेत्याने, अनवाणी, भिंत चाचपत देवळात जायचं आणि पिंडीवर घागरभर पाणी घालायचं. कुणाला हात धरू दिला नाही. एकदा पडली, कोपर सोलवटलं. त्यात संक्रांतीपासून नजर आणखी उतरली होती. आता ताटातली भाकरीसुद्धा हाताने शोधावी लागत होती.

चंद्रिका अक्काजवळ खाली बसली. तिने विचारलं, "आणि स्वतःच्या डोळ्यांचं नाही मागितलंस?"

"येका येळेला येकच मागावं गं देवाला. डोळ्यांचंच मागणार होते. पर तुजे गुडघे म्होरं आले."

आता गप्प बसणं सोपं होतं. अक्का खूश होती, देव खरा ठरला होता. पण त्या सोलवटलेल्या कोपराकडे बघून चंद्रिकाला गप्प बसवेना.

"अक्का, माझे गुडघे दुखतच नव्हते," ती म्हणाली, आणि मग विमान, बर्फ, आकाशातला हिरवा उजेड, सगळं सांगून टाकलं. काही राखलं नाही. शेवटी पाय धरले. अक्काने शिव्या घालाव्यात, निदान एक थोबाडीत तरी द्यावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

 अक्काने हात लांबवून धाकटीचं डोकं चाचपलं.

"म्हंजी माजं मागणं देवाकडं शिल्लक हाय की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, उलट हुरूप होता. "उद्यापासनं डोळ्यांचं मागते. अकरा दीस काय, बघता बघता जातील."

डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते चंद्रिकाला माहीत होतं. हे एक खरं मात्र तिच्याने बोलवलं नाही. अक्का हसून तिच्याकडे बघत होती, पण जरा बाजूला, जिथे चंद्रिका नव्हती.