साडेतीनशे किलो

आमची घरमालकीण बहात्तर वर्षांची आहे. जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या चढावर तिची सफरचंदांची बाग आहे, दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेली. मोठा ट्रॅक्टर तिथं वळतच नाही. नवरा होता तोवर दोघं मिळून क्रेट खाली आणायची. तो गेल्यावर तिनं जपानहून आलेला एक जुना छोटा ट्रक घेतला. आपल्याकडच्या छोट्या हत्तीसारखा, पण अंगानं त्याहून बारीक. स्टिअरिंग उजवीकडे.

गाडी आली त्याच दिवशी तिनं आमची बेल वाजवली. "तुमच्या देशात असंच चालवतात ना? मला शिकवा."

मी शिकवलं. त्याआधी गाडीखाली आडवी होऊन सगळं बघितलं. मी पुण्यात मेकॅनिकल केलं आणि इथं अकरा वर्षं ब्रेकवरच काम करते आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचे ब्रेक बघितल्याशिवाय मला राहवत नाही. मागचे लायनर झिजून गेले होते, ब्रेकचे सिलिंडर गळत होते. पाच शनिवार घालवून मी सगळं बदललं. डाव्या बाजूला उजेड टाकणारे हेडलाइट काढून इथल्या रस्त्यांना चालतील असे बसवले. तपासणीला गेलो तेव्हा परीक्षकानं गाडी ब्रेक तपासायच्या रोलरवर चढवली, आकडे बघितले आणि शिक्का मारला. घरमालकिणीनं त्या दिवशी केक केला होता.

स्टिअरिंगच्या बाजूला मी एक पट्टी चिकटवली, जर्मनमध्ये, ठळक अक्षरांत: जास्तीत जास्त ३५० किलो. उतारावर दुसरा गिअर. तिला समजावून सांगितलं की वीस किलोचे सतरा क्रेट, अठरावा नाही. दोन वर्षं ती एकटी गाडी चालवत होती आणि एकदाही काही झालं नाही.

गेल्या सप्टेंबरात तिचा मुलगा मदतीला आला. पन्नाशीचा माणूस, शहरात कुठंतरी मॅनेजर. शनिवारी मी मुलीला घेऊन बाजारातून परतले, तर अंगणात शेजारीपाजारी जमलेले. ट्रक बागेतल्या उताराच्या तळाशी बांधावर आपटला होता. सफरचंदं रस्ताभर. गाडी मुलगा चालवत होता, घरमालकीण डावीकडे बसली होती, आणि गाडीची डावी बाजूच बांधावर आदळली. तिचा हात मोडला होता आणि तिला नुकतंच दवाखान्यात नेलं होतं.

मुलाला खरचटलंही नव्हतं. तो शेजाऱ्यांना सांगत होता, "ब्रेक त्या वर राहणाऱ्या भारतीय बाईनं खोलले होते. मग दुसरं काय होणार?"

मी तिथंच उभी होते. हातात भाजीची पिशवी. त्यानं मला बघितलं आणि तरी वाक्य पुरं केलं.

"किती क्रेट होते?" मी विचारलं.

"नेहमीएवढे."

"म्हणजे किती?"

"मोजत नाही बसलो मी."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. आपण भाडेकरू आहोत. उगाच कशाला?" मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, "पण मम्मा, तू तर तिथं नव्हतीसच!" आठ वर्षांच्या पोरीला जे कळलं ते नवऱ्याला कळत नव्हतं. त्या दिवशी मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

रविवारी मी अंगणात ओढून आणलेल्या ट्रकला जॅक लावला आणि मागची चाकं काढली. ब्रेकचे ड्रम तापून निळे पडलेले, लायनर जळून काचेसारखे. भरमसाट वजन, वरचा गिअर आणि पूर्ण उतारभर ब्रेकवर दाबून धरलेला पाय. दुसऱ्या कशानं असं होत नाही. रस्त्यावरून गोळा केलेली सफरचंदं शेजाऱ्यांनी रस काढायच्या कारखान्यात पोचवली होती. सोमवारी ऑफिसातून अर्धा दिवस सुटी घेऊन मी तिथं गेले आणि काट्यावरच्या मुलीकडून वजनाच्या पावतीची प्रत मागून घेतली. नुसती फळं सहाशे बारा किलो, क्रेट सोडून.

संध्याकाळी पावती आणि ड्रम दोन्ही घरमालकिणीच्या मुलासमोर ठेवले. त्यानं पावती उलटीसुलटी केली.

"ना जा," तो जर्मनमध्ये म्हणाला, म्हणजे असेल बुवा. "पण ब्रेक लागले नाहीत, हे तर खरं ना?"

तिथं माझं जर्मन संपलं. "अरे गाढवा, आईचा हात मोडलास आणि अजून माझ्यावरच ढकलतोस?" हे मी शुद्ध मराठीत, ओरडून म्हटलं. शब्द त्याला कळले नसतील. तो दोन पावलं मागं सरकला.

घरमालकीण प्लास्टर घालून परतली तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मला माहीत आहे. मी शेजारीच बसले होते. त्याला म्हटलंही होतं, फार झालं म्हणून."

"मग लोकांना का नाही सांगितलंत?"

"माझा मुलगा आहे तो."

"आणि मी?"

ती प्लास्टरच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मी निघून आले.

हिवाळाभर ट्रक पत्र्याखाली पडून होता. खालच्या आळीतल्या दोघांनी ट्रेलरचे ब्रेक बघायला मला बोलावलं होतं. दोघांनीही काहीतरी कारण सांगून नको म्हटलं. दुकानात एक बाई मला विचारते, "तो अपघात झाला तो तुमच्याच गाडीचा ना?" माझ्या गाडीचा! अकरा वर्षांचं काम एका वाक्यात धुऊन गेलं, आणि ज्यानं ते वाक्य म्हटलं तो मजेत आपल्या शहरात.

मार्चमध्ये घरमालकीण किल्ली घेऊन वर आली. "तुम्हीच दुरुस्त करा."

"आधी शेजाऱ्यांना सांगा. माझ्यासमोर."

ती खाली गेली. मग कोट घालून आली. कुंपणापाशी गेलो, शेजाऱ्याला हाक मारली. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी क्रेट फार जास्त होते. ब्रेक चांगले होते." कुणी भरले ते नाही सांगितलं.

"आख सो, असं होय," शेजारी म्हणाला आणि झाडाच्या फांद्या छाटायला परत गेला.

एवढंच. अर्धंच. मी ट्रक दुरुस्त केला, कारण बाग तिची आहे आणि तिला दुसरं कुणी नाही. त्याची किल्ली आता आमच्या स्वयंपाकघरात असते, तिला हवी तेव्हा ती मागून नेते. मुलगा आला की मला जिन्यात "हालो" म्हणतो. मी उत्तर देत नाही.